अरण्याचें मुद्दल

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटाच्या समुद्राकडील अंगास, क्लॅक्वट साउंड नांवाचा खाडीप्रदेश आहे. वर्षाकाठीं ३ मीटरांहून अधिक पाऊस, सौम्य हिवाळा आणि समुद्रावरून येणारें धुकें यांच्या आश्रयानें तेथें सीडर, हेमलॉक व स्प्रूस या वृक्षांचें अरण्य वाढलें आहे. कांहीं सीडर वृक्षांचें वय १००० वर्षांहून अधिक आहे. अशा अरण्याविषयीं लाकडाचे व्यापारी व त्यांचे कैवारी एक युक्तिवाद नेहमीं पुढें करतात: एक झाड तोडलें कीं एक लावावें, म्हणजे हिशेब पुरा झाला. हा युक्तिवाद आम्हांस साफ खोटा वाटतो.

अरण्य म्हणजे झाडांची शिरगणती नव्हे. तेथें उन्मळून पडलेला वृक्षही कामास येतो. त्याच्या कुजत्या खोडावर हेमलॉकचीं रोपें रुजतात. मरेलेट नांवाच्या समुद्रपक्ष्याची मादी घरटें बांधीत नाहीं. जुन्या वृक्षाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर ती एकच अंडें घालते. तशी फांदी रोपवाटिकेंत मिळत नाहीं. सॅमन मासे अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून नद्यांत चढतात; अस्वलें ते पकडून झाडींत नेतात, आणि उरल्यासुरल्या माशांतील नत्रद्रव्य वृक्षांच्या मुळांस पोंचतें. डोंगर उघडा केला कीं माती नदींत उतरते व त्याच माशांचीं अंडीं गुदमरतात. ६०-८० वर्षांनीं पुन्हां तोडावयाच्या लागवडीनें यांतलें काय भरून येणार?

कोणी विचारील, मग मजुरांनीं काय खावें? प्रश्न रास्त आहे. पण जुनें अरण्य संपल्यावरही तो उभाच राहणार. त्याचें उत्तर अरण्य शिल्लक असतांनाच कां शोधूं नये?

१९८४ सालीं तेथील मूळ रहिवाशांनीं मीअर्स बेटावरील वृक्षतोड अडविली. १९९३ सालीं ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारनें या प्रदेशाच्या मोठ्या भागांत तोडीस मुभा दिली, तेव्हां रस्ता अडविणाऱ्या ८०० हून अधिक लोकांस अटक झाली. अखेर २०२४ सालीं मूळ रहिवाशांच्या सहमतीनें सुमारें ७६० चौरस किलोमीटर क्षेत्रास सरकारी संरक्षण मिळालें. म्हणजे शहाणपण कागदावर उतरण्यास ४० वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत तुटलेले वृक्ष कोणत्याही करारानें परत येणार नाहींत.

व्याजावर निर्वाह करणारास आपण संसारी म्हणतों. मुद्दल खाऊन त्यास उत्पन्न म्हणणारास काय म्हणावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.