मैदानावरचा दम आणि खिशातला खर्रा

पांढुर्ण्यात काय अन् सौंसरला काय, पहाटे रस्त्याने निघावे तर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. त्यांतील कित्येकांना मी बालपणी लसी टोचल्या आहेत. तीच मुले आज आरोग्य प्रमाणपत्रासाठी येतात, तेव्हा ऊर भरून येतो. एकदा अशाच एका उमेदवाराने कागद काढण्यासाठी खिशात हात घातला आणि खर्र्याची पन्नी खाली पडली. "डॉक्टरसाहेब, ग्राउंडवर सगळेच खातात," तो ओशाळून म्हणाला.

सैन्य आणि तंबाखू यांचे नाते जुने आहे. अमेरिकी सैन्याच्या शिध्यात १९७५ पर्यंत सिगारेट असे. त्याच देशाच्या संरक्षण खात्याने २००७ मध्ये १८ ते २४ वर्षांच्या सैनिकांसाठी तंबाखूमुक्तीची जाहिरात मोहीम काढली. तिचा भर होता तो आप्तेष्टांना वाटणाऱ्या अभिमानावर. हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे भुसावळच्या मुकेशची जाहिरात चित्रपटगृहांत दाखवली गेली. गुटख्याने तो अवघ्या २४ व्या वर्षी गेला. ती पाहून प्रेक्षागृह क्षणभर स्तब्ध होई. परंतु 'हे माझ्या वाट्याला येणार नाही' ही तरुणाची खात्री ढळत नसे. एकोणिसाव्या वर्षी मृत्यू दूर असतो, १६०० मीटरची धाव मात्र उद्यावर असते. म्हणून त्याला त्या धावेच्या भाषेत सांगावे. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट जोमाने हिमोग्लोबिनला चिकटतो. म्हणजे मैदानावर दम तुटतो. खर्र्यातील सुपारीने तोंडाची त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते. आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तोंडही पाहिले जाते.

मध्यप्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून खर्रा पानठेल्यावर मिळतोच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील सुमारे ३४ टक्के प्रौढ तंबाखूसेवन करणारे आढळले, त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे अधिक. तेव्हा केवळ सिगारेटचे चित्र लावून येथे काय साधणार?

समव्यवसायी बंधुभगिनींनो, दोष आपलाही आहे. मीही अनेक प्रमाणपत्रांवर उमेदवाराचे तोंड न पाहता सही केली आहे. यापुढे नाडी पाहताना "खर्रा खातोस का?" हे विचारू या, तोंड उघडायला लावू या. प्रतीक्षागृहात मराठी-हिंदीत एक फलक लावू या : 'वर्दी हवी, तर दम राख.'

त्या मुलाने पन्नी माझ्याच कचरापेटीत टाकली. पुढची त्याने विकत घेऊ नये, एवढी जाहिरात आपण सर्वांनी मिळून करायची आहे.