पूल वाढले, बस मागे पडली

पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० च्या जुलैमध्ये पाडण्यात आले, तेव्हा ते उभे राहून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला त्यांच्या रचनेचा अडसर होत होता. पुढे त्याच जागी खाली मोटारी व वर मेट्रो असा दुमजली पूल हाती घेण्यात आला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक बाजू वाहतुकीस खुली झाली. मधल्या पाच वर्षांत त्या चौकाने पुणेकरांची किती सत्त्वपरीक्षा पाहिली, हे तेथून रोज जाणाऱ्यांना सांगावयास नको. पाडलेल्या पुलांवरील पैसा वाया गेला, हा या प्रकरणाचा लहान भाग होय. मोठा भाग असा की, ते पूल बांधताना या मार्गाने उद्या सार्वजनिक वाहतूक न्यावी लागेल, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नव्हता. आधी रस्ता आणि उरल्यास बस, हा क्रम या शहराच्या कारभारात इतका रुजला आहे की, तो कोणी ठरविला हेही कोणाला आठवत नाही.

नवल असे की, नेमक्या त्याच काळात कागदावर याच्या उलट घडत होते. २००६ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्याच्या जागेची वाटणी करताना वाहने नव्हे, तर माणसे डोळ्यांपुढे ठेवावीत, हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या. बीआरटीचा देशातील हा पहिला प्रयोग. त्या दिवसांत पुण्याला देशापुढे उदाहरण घालून देण्याची संधी होती. ती साधली गेली नाही.

या प्रयोगावर नागरिक चिडले, त्यांचा राग सर्वस्वी निराधार नव्हता. मार्ग अर्धवट अवस्थेत सुरू झाला. रस्त्याच्या मध्यावर असलेल्या थांब्यापर्यंत पायी कसे पोचावे, याची धड सोय नव्हती. चौकाजवळ जेथे बसला वेगळ्या वाटेची खरी गरज, तेथेच ती वाट संपत होती, आणि खासगी वाहने राखीव मार्गिकेत शिरली तर त्यांना अडविणारे कोणी नव्हते. हे दोष अंमलबजावणीचे होते, कल्पनेचे नव्हते. परंतु दोष दुरुस्त करण्याऐवजी कल्पनाच बदनाम करण्यात आली. २०२३ पासून नगर रस्त्यावरील बसमार्गही टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला, आणि त्यामुळे कोंडी फुटेल असे आश्वासन देण्यात आले. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र २०१५ पासून सुरू झालेले राखीव मार्ग टिकून राहिले. नदीच्या एका काठावर जे चालते, ते दुसऱ्या काठावर अशक्य ठरावे, हा भूगोलाचा दोष खास नव्हे.

पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यातील एका आखणीची कथा याहून बोधप्रद आहे. मध्यवर्ती शहराभोवती फिरणारा सुमारे ३६ किलोमीटरचा एक मार्ग त्यात दाखविला होता. त्याचे नावच उच्च क्षमता जलद वाहतूक मार्ग असे होते, आणि तो सार्वजनिक वाहतुकीसाठी राखलेला होता. तीस वर्षे तो नकाशावर पडून राहिला. पुढे त्याचा आराखडा तयार झाला तो सहा मार्गिकांच्या उन्नत रस्त्याचा. त्यांतील चार मार्गिका खासगी वाहनांना आणि दोन बसला! घर भाडेकरूने बळकावावे आणि मालकाला ओसरी द्यावी, तसाच हा प्रकार. ती योजना प्रत्यक्षात आली नाही, हे एका परीने बरेच झाले.

याचा अर्थ नवे रस्ते नकोतच असा नव्हे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांतील कित्येक ठिकाणी इमारती आधी उठल्या आणि रस्ता अजून यावयाचा आहे. तेथे रस्ता हवाच. तो नसेल तर बसही जाणार नाही. अर्धवट राहिलेले जोडरस्ते पुरे केले पाहिजेत, आणि परगावची अवजड वाहतूक शहराबाहेरून वळविणे हेही शहाणपणाचेच आहे. परंतु भरल्या शहरात एका चौकावरून वाहने उचलून पुढच्या चौकात उतरविणे, ही निराळी गोष्ट. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, महानगरातील जलदमार्ग रुंद केले तरी गर्दीच्या वेळची वाहतूक पुन्हा त्यांच्या क्षमतेइतकी वाढते. पुण्यात त्याची प्रचीती पुलापुलावर येते.

जागेचा हिशेब साधा आहे. एका बसमध्ये पन्नास माणसे बसली, तर तेवढ्याच माणसांना, प्रत्येक वाहनावर दोघे धरले तरी, २५ दुचाकी किंवा २५ मोटारी लागतात. असे असता बसची स्थिती काय? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही चांगल्या सेवेची खूण होय. २०११ च्या जनगणनेत पुणे व पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे ४८ लाख लोकसंख्या होती. त्या जुन्या आकड्यालाही सुमारे २,९०० गाड्या हव्यात. त्यानंतर शहरे कितीतरी फुगली. पीएमपीचा ताफा मात्र दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. त्यात १ जून २०२५ पासून भाडे वाढले. दोन्ही शहरांचा दैनिक पास ४० रुपयांवरून ७० रुपयांवर आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. ज्या मोलकरणीला आणि ज्या कामगाराला बसवाचून दुसरी वाट नाही, त्यांच्या खिशाला ही वाढ लागली. ज्याला दुचाकीचा हप्ता परवडतो, तो बस सोडून रस्त्यावरील गर्दीत आणखी एका वाहनाची भर घालतो.

येथेच आपल्या हिशेबवह्यांतील पक्षपात उघडा पडतो. पीएमपीची तूट दोन्ही महापालिका ६०:४० या प्रमाणात भरून देतात आणि त्या तुटीची दरवर्षी सभागृहात चर्चा होते. उड्डाणपुलाची तूट मात्र कोणी काढीत नाही. तो बांधला की विकास, आणि बस चालविली की तोटा! वास्तविक दोन्ही खर्च नागरिकांच्याच पैशातून होतात. रस्त्याला उत्पन्नाची अट नाही, तर बसलाच ती का असावी, याचे उत्तर कधीतरी द्यावे लागेल.

मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो ही शहराची मोठी जमेची बाजू होय. परंतु सुमारे ३३ किलोमीटरचे तिचे पहिले जाळे सगळ्या शहराच्या दाराशी जाऊ शकत नाही. स्थानकापर्यंत पोचविणारी बस आणि चालण्याजोगा पदपथ नसेल, तर स्थानकाखाली दुचाकींचेच तळ वाढतील. मेट्रो एका संस्थेची, बस दुसरीची, रस्ते तिसरीचे आणि नियमन पोलिसांचे. ही चौघे एका टेबलाशी बसून एकच आराखडा अमलात आणीत नाहीत, तोवर प्रत्येकाचे काम दुसऱ्याला आडवे जाणारच. शहरासाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण असावे, ही अट केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात आहे. ते प्राधिकरण नामधारी असता कामा नये. रस्त्याचा प्रस्ताव रोखण्याचा अधिकार त्याला हवा.

दक्षिण कोरियाच्या सोल शहराने २००३ मध्ये चंगग्येचन नदीवरील उन्नत रस्ता पाडावयास घेतला. पाठोपाठ २००४ मध्ये बससेवेची फेररचना करून मोठ्या रस्त्यांच्या मध्यावर बसमार्ग दिले. पुण्यानेही पूल पाडले. परंतु त्यांच्या जागी पुन्हा पूलच बांधला. फरक पैशाचा नाही, क्रमाचा आहे. तो बदलण्यास एक साधा नियम पुरेसा आहे : ज्या रस्त्याच्या किंवा पुलाच्या आराखड्यात बसची मार्गिका, थांबा आणि पादचाऱ्याची वाट आधी आखलेली नाही, त्याला पैसा मंजूर होऊ नये, आणि दरवर्षी रस्त्यांच्या तरतुदीतील ठरावीक वाटा नव्या बसगाड्यांसाठी राखून ठेवावा. हे करण्यास धैर्य लागेल, कारण पुलाचे उद्घाटन करता येते, वेळेवर येणाऱ्या बसचे येत नाही. परंतु थांब्यावर उभा असलेला माणूस उद्घाटनाची वाट पाहत नाही. तो बसची वाट पाहत असतो.