पंचांची पारख

गाजलेल्या खटल्याचा निवाडा सामान्य नागरिकांवर सोपवणे म्हणजे न्याय वृत्तपत्रांच्या स्वाधीन करणे होय, आणि नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्याने हे सिद्ध केल्यामुळेच भारतातून ज्यूरी, म्हणजे पुराव्यावरून दोषी की निर्दोष हे ठरवणारे शपथबद्ध पंचमंडळ, हद्दपार झाली, असे मत सर्रास मांडले जाते. त्याचा उत्तरार्ध कालक्रमाच्या कसोटीवरच टिकत नाही. नानावटींना ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले ते १९५९ मध्ये, तर ज्यूरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. पूर्वार्धात तथ्य नाही असे नाही, कारण ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली होती, परंतु उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवताना न्यायाधीशांनीच ज्यूरीला चुकीचे दिग्दर्शन केल्याचे नोंदवले, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

खरा दोष निवडीत कसा शिरतो, हे लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत दिसते. १८९७ मध्ये सहा युरोपीय पंचांनी त्यांना दोषी ठरवले, तर तिघा भारतीयांनी निर्दोष. १९०८ मध्ये सरकारने विशेष ज्यूरी, म्हणजे प्रतिष्ठितांच्या वेगळ्या यादीतून काढलेली ज्यूरी, मागून घेतली. बचावपक्षाचा विरोध डावलून सात युरोपीय व दोन पारशी पंच बसले आणि निकाल ७ विरुद्ध २ असा लागला. वाद होता टिळकांच्या ‘केसरी’तील मराठी लेखांच्या अर्थाचा, पण पुराव्याचे भाषांतर कळले तरी पंचाला पुरे, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असल्याने मराठी न कळणे ही हरकत पंगू ठरली.

यावर, ज्याला प्रकरणाची काहीच माहिती नाही तोच निःपक्षपाती, असा उलट आग्रह धरला जातो. तोही चुकीचा आहे. औंध संस्थानाच्या १९३९ च्या राज्यघटनेने गावपंचायतींना न्यायदानाचा अधिकार दिला, तो पंच वादी-प्रतिवादींना ओळखतात हे गृहीत धरूनच. ते पंच निवडून आलेले असत, म्हणून त्यांना ज्यूरी म्हणता येणार नाही. तरी ओळख आणि पूर्वग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते. अमेरिकेत शपथेपूर्वी पंचांची उलटतपासणीसारखी चौकशी होते, तिचाही रोख याच भेदावर असायला हवा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने आयर्विन विरुद्ध डाऊड या १९६१ च्या निवाड्यात असे ठरवले की पंच संपूर्ण अनभिज्ञ नसला तरी चालेल, मात्र आधीचे मत बाजूला ठेवून त्याला पुराव्यावर निर्णय देता आला पाहिजे. त्या खटल्यातील बारांपैकी आठ पंचांनी आरोपी दोषी वाटत असल्याचे आधीच कबूल केले होते, आणि निःपक्षपाती राहण्याची त्यांची ग्वाही अपुरी मानून न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली.