कृपाघन की कृपाधन?

मराठी विभागासाठी एक कॅमेरा आणि एक ट्रायपॉड घ्यावा, असा प्रस्ताव आम्ही आमच्या महाविद्यालयात दिला होता. तो परत आला तेव्हा त्यावर एकच शेरा होता : 'प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.' शेरा लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पैसे थोडे असतात आणि वर्गखोलीचे छत गळत असते, हे आम्हांसही दिसते. तरीही तो शेरा चूक आहे, असे आमचे मत आहे. तो का चूक आहे, हे खरे तर मराठीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना इतरांहून लवकर उमगायला हवे. मूळ प्रत वेगळी आणि संपादित पाठ वेगळा, या भेदावर आमची विद्या उभी आहे. आणि नेमका तोच भेद या शेऱ्यात पुसला गेला आहे.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मांजरसुंब्याच्या परिसरात गेलो होतो. धुळे–सोलापूर रस्त्यावरचे हे गाव बहुतेकांना घाट आणि चौकातली हॉटेले यांमुळे ठाऊक असते. मराठीच्या अभ्यासकाला मात्र ते कपिलधारेमुळे ठाऊक असायला हवे. गावापासून जवळच, बालाघाटाच्या कुशीत, 'परमरहस्य'कार मन्मथस्वामींची समाधी आहे. या पंचक्रोशीत जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत अजून पोथ्या सापडतात. अशाच एका घरी अभंगांची एक हस्तलिखित वही निघाली. घरातल्या आजोबांनी ती उघडून दाखवली, विद्यार्थ्यांनी आपापले फोन काढले आणि अर्ध्या तासात सारी पाने टिपली गेली. आम्हीही समाधानाने चहा घेतला आणि निघालो.

लिप्यंतर करायला बसलो तेव्हा एका चरणाशी अडलो. एका विद्यार्थ्याच्या चित्रात शब्द 'कृपाघन' असा होता, तर दुसरीच्या चित्रात त्याच पानावर, त्याच ओळीत, 'कृपाधन' असा. घ आणि ध यांत भेद तो किती? शिरोरेषेतली एक फट. शाई फिकी, खोलीत उजेड कमी. एका फोनाने त्या फटीला डाग समजून ती बुजवली. दुसऱ्याने तिची कड धारदार केली. दोन्ही चित्रे डोळ्याला अतिशय स्वच्छ दिसत होती. अर्थ दोन्ही पाठांना होता : कृपेचा मेघही चालतो आणि कृपेचे धनही. मूळ वही पुन्हा पाहावी म्हणून काही महिन्यांनी गेलो. आजोबा निवर्तले होते आणि घरच्यांनी त्यांच्यामागे वही श्रद्धेने गोदावरीत विसर्जित केली होती. त्यांना दोष कसा द्यावा? दोष आमचा होता. आमच्याकडे आता दोन चित्रे आहेत आणि पाठ एकही नाही.

फोनाने असे का करावे? त्याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. मोठ्या कॅमेऱ्यातला प्रकाशग्राही पडदा ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. चांगल्या फोनातला साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात बारापट फरक. एवढ्याशा पडद्यावर अंधाऱ्या खोलीत पडणारा प्रकाश थोडा, म्हणून चित्रात रवाळपणा फार. ती उणीव फोन हिशेबाने भरून काढतो. बटण एकदा दाबले तरी तो भराभर अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो, रवाळपणा पुसतो, कडा उठावदार करतो, सावल्या उजळतो. दोनशे मेगापिक्सेलची जाहिरात करणारा फोनही नेहमीच्या वापरात सोळा-सोळा बिंदूंचा एकेक करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. हे सारे कौशल्याचे काम आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्याला संपादन म्हणतात. शटर दाबणे आणि पडद्यावर चित्र दिसणे यांच्यामध्ये एक संपादक बसलेला असतो. त्याला मोडी येत नाही, देवनागरीची शिरोरेषा कळत नाही, आणि आपण काय बदलले हे तो कोठेही नोंदवत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे नकाशा स्कॅन करताना त्यातले आकडेच बदलत होती : सहाचा आठ होत होता, आणि तोही सुबक छापील आठ. कंपनीला यंत्रांत दुरुस्ती करावी लागली. २०२३ मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र सॅमसंगच्या फोनाने टिपला, तर चित्रात नसलेली विवरे उमटली. फोनाला चंद्र ठाऊक होता. त्याने तो आठवणीतून काढला. चंद्राचे काही बिघडत नाही, तो उद्या पुन्हा उगवतो. वही उगवत नाही. रोलां बार्थ यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात छायाचित्राचे मर्म सांगितले ते असे की समोरची वस्तू कधीतरी खरोखर तेथे होती, याची ते ग्वाही देते. जो साक्षीदार न पाहिलेलेही तपशिलाने सांगतो, त्याची ग्वाही कोणते न्यायालय मानील?

येथे कोणी म्हणेल, कॅमेरा तरी कोठे निष्पाप आहे? भिंग निवडणारा माणूसच असतो. रंगही आतले यंत्र गणित करूनच ठरवते. मान्य. निर्मळ, अस्पर्श प्रत असे काही नसते, हे पाठचिकित्सेच्या पहिल्याच तासाला आम्ही शिकवतो. पण त्याच तासाला आम्ही दुसरीही गोष्ट शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि ती शुद्ध केल्याचे नावासालासह नोंदवून ठेवले. संपादनाला आमची हरकत कधीच नव्हती. हरकत निनावी संपादनाला आहे. कॅमेऱ्याच्या 'रॉ' फाइलमध्ये पडद्याने टिपलेली नोंद बरीचशी अनघड स्वरूपात राहते. ती उजळा, धार लावा, रंग बदला. मूळ नोंद तशीच राहते आणि दुसऱ्या अभ्यासकाला ती पुन्हा उघडून वेगळे वाचन मांडता येते. फोनाच्या नेहमीच्या चित्रात छापील आवृत्ती तेवढी हाती येते आणि हस्तलिखित यंत्रातच विरून जाते.

मूळ नाहीसे झाल्यावर काय होते, हे बीड जिल्ह्याला कोणी सांगायला नको. बीडच्या पाटांगणावर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. शतकाहून अधिक काळ त्या पाठाविषयी वाद चालत आला, पण राजवाड्यांच्या वाचनावर शंका घेणाऱ्याला पान उलटून पाहण्याची सोय नाही. निदान तेथे राजवाडे हे नाव तरी आहे. त्यांच्या पद्धतीशी, त्यांच्या आग्रहांशी भांडता येते. आमच्या कृपाघनाबद्दल आम्ही कोणाशी भांडावे?

आता दुसऱ्या पक्षाशीही दोन शब्द. पावसाळ्यात कपिलधारेच्या धबधब्यापाशी गळ्यात जड कॅमेरे अडकवलेले काही हौशी भेटतात. फोन उंचावणाऱ्या पोरांकडे पाहून ते नाक मुरडतात. त्यांच्याशी आमचे काडीचेही सख्य नाही. जगभरात २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते. २०२३ मध्ये तो आकडा ७७ लाखांवर आला. ही घसरण फोनाने घडवली आणि ती न्याय्य आहे. जिच्या घरी कधी कॅमेरा आला नाही, त्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला आज आईचे छायाचित्र काढता येते, ही लहान गोष्ट नव्हे. धबधबा, सहल, लग्न, फळ्यावरची टिपणे यांसाठी फोन पुरेसा आहे. पुष्कळदा अधिक बरा आहे. देव्हाऱ्यातली वहीसुद्धा त्या दिवशी फोन नसता तर अजिबातच टिपली गेली नसती. पण फोन पुरेसा आहे हे कशासाठी म्हणायचे, तेही सांगावे लागते. आठवणीसाठी पुरेसे असते ते पुराव्यासाठी पुरेसे असतेच असे नाही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी घ्या. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहिलेले आहे. फोन तिच्यावरून फिरवत नेला तर तो एक लांबलचक सलग चित्र जोडून देईल आणि पाहणारा थक्क होईल. पण जोडावर कोणते अक्षर गिळले गेले, हे कोणाला कळणार? तेथे ट्रायपॉड हवा, कॅमेरा कापडाशी समांतर हवा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड हवा, शेजारी मोजपट्टी हवी, आणि प्रत्येक चित्राने मागच्या चित्राचा थोडा भाग पुन्हा घ्यायला हवा. हे काम कंटाळवाणे आहे. पाठभेद टिपण्याचे कामही कंटाळवाणेच असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाकडे एक कॅमेरा असावा. नवा नको, वापरलेला डीएसएलआर मध्यम किमतीच्या फोनाइतक्या पैशांत मिळतो. क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'रॉ' म्हणजे काय, हे लिपी शिकवतानाच शिकवावे. कॅमेरा नसेल तेव्हा ज्या फोनांत 'रॉ'ची सोय आहे ती वापरावी, पान खिडकीच्या उजेडात न्यावे, दोन वेगळ्या फोनांनी टिपावे आणि निघण्यापूर्वी शंकास्थळे मूळ पानाशी ताडून पाहावीत. मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या आक्रसलेल्या चित्राला प्रत मानू नये. आणि प्रबंधात छायाचित्र कशाने, केव्हा काढले हे पाठाइतक्याच काटेकोरपणे लिहावे.

प्रस्ताव आम्ही पुन्हा दिला आहे. या वेळी त्याला ती दोन चित्रे जोडली आहेत, शेजारीशेजारी. खाली एवढेच विचारले आहे : वहीत काय लिहिले होते?