शरीर आमचे, संशोधन त्यांचे. मग संपादकाचे कर्तव्य कोणाशी?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात केली. आदिवासीबहुल भागातील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन, हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला हा आजार नवा नाही. गोंड, परधान, माडिया यांच्याप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलवर टिपण छापले. तेव्हा नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर आमचे रक्त सहा दशकांहून अधिक काळ आहे. त्या पानांवर आमचा आवाज मात्र क्वचितच आहे.

तपासणी व्हायलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. कोरपना तालुक्यातील एखाद्या कोलाम गुड्यावर बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताची आकडेवारी बनते, आकडेवारीचा शोधनिबंध बनतो आणि शोधनिबंधावर कुणाची तरी बढती होते. या साखळीत गावाला न दिसणारा एक माणूस असतो. तो म्हणजे नियतकालिकाचा संपादक. निबंध छापायचा की परत पाठवायचा, हे तो ठरवतो. डॉक्टरने संमती घेतली नसेल, नीतिसमितीने डोळेझाक केली असेल, तरी शेवटचे दार संपादकाच्या हाती असते. ते दार त्याने कोणासाठी राखायचे?

याचे उत्तर जगाने कधीच देऊन ठेवले आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा 1964 चा. 1975 मध्ये त्यात सुधारणा झाली आणि या तत्त्वांना सोडून केलेले संशोधन प्रसिद्धीसाठी स्वीकारू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे नीती हा केवळ संशोधकाचा मामला नाही, तो संपादकाचाही आहे. ही जाग उगाच आली नव्हती. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सुमारे 400 आजारी कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशाच्या उपचारापासून दूर ठेवून ‘निरीक्षण’ केले गेले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. हे गुपचूप चालले नव्हते. 1936 पासून त्यावरचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते. संपादकांनी ते वाचले आणि छापले. या माणसांना औषध का दिले नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण ती माणसे काळी आणि गरीब होती. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतील मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीची लागण करणाऱ्या प्रयोगांबद्दल 1971 मध्ये एका डॉक्टराने ‘लॅन्सेट’ला जाब विचारला. तेव्हा संपादकांनी ते पत्र छापले आणि आक्षेप मान्य केला. संपादकाचे कर्तव्य म्हणतात ते हेच.

आता महाराष्ट्राकडे वळू. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा प्रामुख्याने गरीब बाईचा आजार आहे. पाश्चात्त्य देशांनी पॅप तपासणीच्या जोरावर त्याचे मृत्यू विसाव्या शतकातच मोठ्या प्रमाणात घटवले. तरीही उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 52 गावगटांतील 1,31,746 महिलांवर मोठी चाचणी झाली. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे संशोधक त्यात होते, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. चार गट केले गेले. तिघांची वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटातील 31,488 महिलांना ‘प्रचलित सेवे’वर सोडले गेले. प्रचलित सेवा म्हणजे व्यवहारात तपासणी नाही. निष्कर्ष एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे 34 मृत्यू, तुलनेच्या गटात 64. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अमेरिकन सरकारच्या पैशावर अशीच दुसरी चाचणी झाली. तिच्या तुलनेच्या गटात 76,178 महिला होत्या. त्यांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तो निबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला.

या चाचण्यांतून उपयुक्त ज्ञान मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. एका तपासणीनेही मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले. संशोधकांचे म्हणणे असे की, भारतात अशी तपासणी कुठेच होत नव्हती, तेव्हा आम्ही कोणाचे काही हिरावून घेतले नाही. हा युक्तिवाद आपण नीट ओळखला पाहिजे. गावाला विहीर नाही, म्हणून अर्ध्या गावाला पाणी न देता कोण तहानेने मरतो ते मोजणे योग्य, असा त्याचा अर्थ होतो. अन्यायाची जी स्थिती बदलायची, तीच येथे प्रयोगाची अट बनते. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी या चाचण्यांवर अनेक वर्षे आक्षेप घेतले. भारतातील अशा तीन चाचण्यांच्या तपासणी न झालेल्या गटांत किमान 254 महिला या कर्करोगाने दगावल्या, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतील मानवी संशोधन संरक्षण कार्यालयानेही मुंबईच्या चाचणीत महिलांना दिलेली माहिती अपुरी असल्याचे म्हटले.

येथे संपादकाची कसोटी होती. याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या तत्कालीन कार्यकारी संपादक डॉ. मार्सिया एंजेल यांनी 1997 मध्ये गरीब देशांतील एचआयव्हीबाधित गर्भवतींना नुसती खोटी गोळी देणाऱ्या चाचण्यांची तुलना टस्कीगीशी केली होती. बारा वर्षांनी त्याच नियतकालिकाने उस्मानाबादचा निबंध छापला. अमेरिकेतील 31 हजार महिलांना असे तपासणीविना ठेवले असते, तर तो निबंध छापला गेला असता काय? तसे नसेल, तर नियतकालिकांच्या नीतीलाही वर्णव्यवस्था आहे, असेच म्हणावे लागेल.

डॉ. सुबा यांची मांडणी 2014 मध्ये मुंबईच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने छापली. लहान साधनांचे, पण बड्यांना प्रश्न विचारणारे हे नियतकालिक. म्हणून त्याची चूकही आपण तितक्याच काटेकोरपणे मोजली पाहिजे. एप्रिल 2018 मध्ये त्याने स्वीडनमधील एका निबंधाला जागा दिली. एचपीव्ही लस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात झालेली वाढ यांचा संबंध असू शकतो, असा त्याचा दावा होता. लेखकाने दिलेले नाव खोटे निघाले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने असा माणूस आमच्याकडे नाही, असे कळवले. संपादकांनी आधी संस्थेचे नाव काढून निबंध कायम ठेवला. टीका वाढल्यावर मे 2018 मध्ये तो मागे घेतला. जीवाला धोका असलेल्याने नाव लपवणे समजू शकते, पण संपादकाशीही खोटे बोलणाऱ्याच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? लसीबद्दल अशा निबंधाने पसरलेली भीती पंचतारांकित रुग्णालयातल्या बाईला फारशी बाधत नाही. ती वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या मुलीला बाधते. तरीही चूक जाहीर करून निबंध मागे घेतला गेला, हे महत्त्वाचे.

भीतीला कारण नव्हते असेही नाही. कोरपना तालुक्याच्या पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. त्याच राज्यातील, तेव्हाच्या आंध्रमधील, खम्मम जिल्ह्यात 2009 मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत हजारो मुलींना एचपीव्ही लस टोचली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा मिळून सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे दिसले नाही, परंतु संमतीतील गैरप्रकारांवर संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2013 मध्ये कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी आईबापांना न विचारता ती टोचणे चांगले ठरत नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. संमती मराठीत घेतली की गोंडी-कोलामीत, आणि ती कोणी समजावून सांगितली, हे निबंधात छापलेच पाहिजे. तुलनेच्या गटाला काय दिले आणि संशोधन संपल्यावर त्या माणसांना काय मिळाले, याचे उत्तर आल्याशिवाय निबंध स्वीकारू नये. संशोधनाचा पैसा कोणाचा, हे वाचकाला दिसले पाहिजे. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट पट्ट्यात धुळीवर संशोधन करणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. एखाद्या जातीला वा जमातीला ‘रोगी’ ठरवणारी भाषा संपादकाने कापावी, कारण सिकलसेलच्या कार्डावरून मुलीचे लग्न मोडते. आणि ज्यांच्या शरीरावर संशोधन झाले, त्यांची तक्रार दोन ओळींची असली तरी छापावी.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढले, ते याच कारणाने. तेव्हाची बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हे त्यांनी पहिल्याच अंकात दाखवून दिले होते. ‘केसरी’ने तर ‘मूकनायक’ची पैसे देऊन केलेली जाहिरातही नाकारली. कोणाचा आवाज छापायचा, हा प्रश्न बाबासाहेबांना सत्तेचा प्रश्न वाटत होता. वैद्यकीय नियतकालिक त्याला अपवाद नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आज आपली मुले-मुली शिकत आहेत. त्यांनी केवळ डॉक्टर होऊन थांबू नये. निबंध तपासणारे परीक्षक व्हावे, नीतिसमित्यांवर जावे, संपादक मंडळात बसावे. गुड्यावरच्या माणसाच्या बाजूने प्रश्न विचारणारा त्या टेबलाशी कोणीतरी असल्याशिवाय ते दार त्याच्यासाठी राखले जाणार नाही.