रोल बांधायला सबसिडी, सोडायला आईची कंबर

मागच्या रविवारी गोठ्यातला एक व्हिडिओ टाकला होता. आई हातगाडी ढकलतेय आणि पेंढ्याचा गोल रोल गुरांच्या तोंडासमोर चटईसारखा उलगडत जातोय. बऱ्याच जणांना आवडला. 'जुगाड लय भारी', 'शेतकऱ्याचं डोकं म्हणजे डोकं' वगैरे. आभारी आहे. पण खरं सांगू? त्या 'जुगाड' शब्दाचा मला राग आला. का आला ते सांगतो. लांबलंय, पण वाचा.

आमचं गाव कल्याण-शीळ रस्त्यालगत, त्या प्रसिद्ध 27 गावांपैकी एक. दोन म्हशी, तीन गायी, एक वासरू. चारही बाजूंनी टॉवर. पूर्वी झोडणी झाली की पेंढ्याची उडवी खळ्यावरच लागायची. आता खळं कुठाय? तिथं पार्किंग आहे. म्हणून पेंढा मुरबाडकडून विकत येतो, आणि हल्ली तो रोल करून येतो. ट्रॅक्टरमागचा छोटा बेलर शेतात फिरतो, पेंढा उचलतो, गुंडाळतो, सुतळी बांधून मागं टाकतो. दोन फूट जाडीचा, तीन फूट लांबीचा, साधारण 25 किलोचा रोल. टेम्पोत जास्त बसतो, माळ्यावर कमी जागा खातो. सोय आहे, नाकारत नाही.

पण तो रोल गोठ्याच्या दारात येऊन थांबतो. पुढं काय? पुढं वाकायचं. सुतळी कापायची, दाबून बसलेला पेंढा ओढून सोडवायचा, कवेत घ्यायचा, प्रत्येक जनावरापुढं टाकायचा. एका मोठ्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा धरा. म्हणजे रोज एक रोल संपून दुसऱ्याला हात लागतोच. सकाळी आणि संध्याकाळी. मी लोकल पकडायला पहाटे बाहेर पडतो. हे काम आई करते. वय 63, मणक्याची गादी सरकलेली. एकदा मला म्हणाली, "मशीन आली ती ट्रॅक्टरवाल्यासाठी रे. माझी पाठ तीच हाय."

हे वाक्य डोक्यातून जाईना.

गोल गाठीचं मोठं यंत्र 1971 साली अमेरिकेत, आयोवामध्ये गॅरी व्हर्मीर यांनी बनवलं. उद्देश हाच की चाऱ्याचं काम एकट्या माणसाला जमावं. तिकडच्या गाठी शेकडो किलोंच्या, हातानं हलणाऱ्याच नाहीत. म्हणून बांधायच्या यंत्राबरोबर उलगडायचं यंत्रही आलं. आपल्याकडं फक्त अर्धी गोष्ट आली. बांधायचं यंत्र आलं, उलगडायला आई होतीच.

शेवटी मी आणि डोंबिवली एमआयडीसीत वेल्डिंग करणारा माझा मित्र, आम्ही दोघं दोन रविवार बसलो. भंगारातला चौकोनी पाइप, जुन्या मोटरसायकलची दोन बेअरिंगं, हातगाडीची दोन चाकं, एक इंची सळई. रोलचा मधला गाभा थोडा सैल असतो, त्यातून टोकदार केलेली सळई आरपार घालायची. फ्रेम पुढं झुकवली की तिचे दोन आकडे सळईच्या खाली जातात. मागचा दांडा खाली दाबला की रोल उचलला जातो, उचलायला वाकावं लागत नाही. सुतळी कापून आधी पूर्ण ओढून काढायची, कारण प्लास्टिकची सुतळी जनावराच्या पोटात गेली तर जीवावर बेतते. मग पेंढ्याचं सुटं टोक जमिनीवर पायानं दाबायचं आणि गाडी ढकलत न्यायची. आमच्याकडं खोल गव्हाण नाही, गुरांपुढं सपाट कोबा आहे, त्यावर थर पसरत जातो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. रोल उलटा लावला, थर वरच्या बाजूनं सुटायला लागला आणि सगळा गुंता. मग कळलं, ज्या दिशेनं गुंडाळलाय ती बघून सळई फिरवून लावायची. दुसरी अडचण, उतारावर रोल स्वतःच सुसाट फिरायचा. त्यावर जुन्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवला, तोच ब्रेक. खर्च 4,200 रुपये, त्यात मित्राची मजुरी म्हणजे दोन वेळचं जेवण. एक फायदा आम्हाला आधी सुचलाही नव्हता. थर पसरताना बुरशी लागलेला भाग डोळ्यांना दिसतो आणि बाजूला काढता येतो. कवेत घेऊन टाकताना तो सरळ गुरांच्या पोटात जायचा.

आता रागाचं कारण.

हे यंत्र आणखी चार घरांना बनवून द्यावं, काही अनुदान मिळतंय का बघावं, म्हणून एका कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, "टेस्ट रिपोर्ट आहे का? कंपनीचं बिल आहे का?" कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान 2014-15 पासून चालू आहे. अल्पभूधारक आणि महिलांना 50 टक्क्यांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे. पण तपासणी झालेल्या, यादीतल्या यंत्रालाच. ट्रॅक्टरचं अवजार हवं तर ट्रॅक्टर हवा. गल्लीतल्या वेल्डरनं बनवलेलं चार हजारांचं साधन त्या यादीत येणार कसं?

दुसरी गंमत हद्दीची. आमची गावं 1983 ला महापालिकेत घातली, 2002 ला बाहेर काढली, 2015 ला परत आत घेतली. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या योजना गेल्या. 2021 ला रोजगार हमीतून पक्क्या गोठ्यासाठी 77 हजारांची योजना आली, ती ग्रामीण भागाला. आम्ही कागदावर शहरी! मालमत्ता कर शहराचा भरायचा, शेण गावाचं काढायचं.

काही जण म्हणतील, शहरात गुरं पाळायचीच कशाला? दादा, गुरं शहरात आली नाहीत, शहर गोठ्यापर्यंत आलंय. रोज सकाळी दारात येणारं ताजं दूध हवं असेल तर गोठाही सहन करा. आणखी कोणी म्हणेल, कडबाकुट्टी घ्या, तिला अनुदान आहे. घ्या की. पण कुट्टीत घालायच्या आधी रोल सोडवणार कोण? पुन्हा आईच.

माझी मागणी मोठी नाही. 10 हजारांच्या आतल्या हाताच्या अवजारांना कंपनीच्या बिलाची अट नको. स्थानिक वर्कशॉपनं बनवलेलं, जवळच्या आयटीआयच्या निदेशकानं तपासलेलं चालू द्या. धार, चिमटा, चाक, वजन बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि महापालिका हद्दीत ज्यांच्याकडं खरोखर गुरं आहेत, त्यांना पशुधनाच्या योजनांत गावकरीच धरा. पशुगणनेत आमच्या म्हशी मोजता ना? मग त्यांना चारा घालणारीही मोजा.

जुगाड म्हटलं की सरकारची जबाबदारी संपते. 'बघा, यांचं यांनी भागवलं' म्हणून सगळे टाळ्या वाजवून मोकळे. आम्ही हौस म्हणून नाही बनवलं, कोणी दिलं नाही म्हणून बनवलं.

ज्यांना बनवायचंय त्यांनी या रविवारी सकाळी घरी या. मापं देतो, फ्रेम दाखवतो, पैसे नकोत. आणि निवडणुकीत दारात येणाऱ्यांना आधी गोठ्यात न्या, एक रोल हातानं सोडवायला सांगा. मग बोला.

पटलं तर पुढं पाठवा.