पाहुण्यांच्या हस्ते मासे नकोत!

कॉमन रूममधला फिशटँक पुन्हा लावायचं ठरलंय आणि यंदा म्हणे गॅदरिंगच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यात मासे सोडायचे. माझा याला स्पष्ट विरोध आहे. मित्रांनो, चिडू नका, आधी ऐका.

मागच्या वर्षी वर्गणी काढून आपण ती दीड फुटी टाकी आणली. रविवारी सकाळी वाळू धुतली, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी बारा मासे सोडले. पुढच्या रविवारी दोन उरले. मग कोणी म्हणालं खाणं जास्त झालं, कोणी म्हणालं मेसच्या पोळीचे तुकडे टाकले. (हा आळ माझ्यावर होता, आणि तो अर्धा खरा आहे.) पण पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं! तिथेच आपण फसलो.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दिसत नाही. मुरलेल्या टाकीत काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जीवाणू पाण्यात कमी, फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर जास्त राहतात. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आपण त्यांना एक दुपार दिली. त्यात टाकी लहान, म्हणजे विष लवकर साठणार. शिवाय होस्टेलचं पाणी बोअरचं, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जहरी. सिव्हिलवाले हेच नायट्रिफिकेशन सांडपाण्याच्या पेपरात आकृतीसकट लिहितात. मार्क मिळाले, मासे मेले.

माझं गाव पुसेगाव. साताऱ्याचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं. आमच्या गुरांच्या हौदात ओढ्यातले मासे मजेत जगायचे. हौद शेवाळलेला, पाहुण्याला किळस यावी असा. सातवीत असताना मी मासे बादलीत काढले, हौद घासून लख्ख केला, ताजं पाणी भरून मासे परत सोडले. आजी म्हणाली, "कशाला घासलास बाबा, आता नाही राहत ते त्यात." चार दिवसांत सगळे पोटं वर करून तरंगले.

तेव्हा टाकी लगेच लावा, मासे नंतर आणा. रोज चिमूटभर खाणं टाका, मासे नसले तरी. ते कुजून अमोनिया होईल आणि जीवाणूंना तेच अन्न. वॉचमनकाकांनी रात्री फिल्टरचं बटण बंद करू नये, जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. केमिकलच्या पोरांनी टेस्ट किटने पाणी तपासावं. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसलं की टाकी तयार. घाईच असेल तर कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला ओला स्पंज मागून आणा, दुधाला विरजण लावतात तसा. मग सुरुवातीला दोन-तीनच मासे.

गॅदरिंगला आता तीनच आठवडे आहेत. पाहुण्यांनी हवं तर रिकाम्या टाकीत खाण्याची चिमूट सोडावी, आम्ही टाळ्या वाजवू. माझी वर्गणी मात्र मासे आल्यावरच मिळेल.